आरसा, मळ आणि कोरडं फडकं



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८

दोन दिवस झाले, आपण अर्जुनाच्या एकाच प्रश्नापाशी थांबलो आहोत. माणसाला एखादी गोष्ट करायची नसते, तरी कुणीतरी मागून ढकलल्यासारखा तो नेमकी तीच का करून बसतो? किती आपला प्रश्न आहे हा! रात्री साडेबाराला मोबाईल बाजूला ठेवायचा असतो, ठेवत नाही. आईवर आवाज चढवायचा नसतो, चढतो. कालच्या ३७ व्या श्लोकात भगवंतांनी त्या ढकलणाऱ्याचं नाव सांगितलं. काम, आणि तोच क्रोध, रजोगुणातून जन्मलेला. आज ते सांगतात की हा काम आपल्यातल्या ज्ञानाला झाकतो कसा. त्यासाठी दाखले तीन दिले आहेत. अग्नीला धूर झाकतो, आरशाला मळ झाकतो आणि गर्भाला त्याची पिशवी झाकते.

पहिला आणि तिसरा दाखला मी आज पटकन उरकणार आहे. धुराला फुंकर पुरते. गर्भाच्या पिशवीला वेळच द्यावा लागतो, तिथे कुणाच्या हाताचं काही चालत नाही. बरेच विवेचक या तिघांची सात्त्विक, राजस, तामस अशी वाटणी करतात, ती यावरूनच. मधला आरसा मात्र हातानं पुसावा लागतो, कधीकधी घासावाही लागतो. आणि घासण्याबद्दल माझ्याकडे सध्या सांगण्यासारखं बरंच आहे, कारण गेले तीन रविवार मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्या काळ्या गाडीचा रंग घासतेय.

हसू नका. वॉचमनकाका ऑलरेडी हसून झालेत.

आधी आरशाबद्दल एक गोष्ट लक्षात घेऊया, कारण श्लोक वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बेसिनवरचा काचेचा आरसा येतो. गीतेच्या काळातला आरसा धातूचा. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात तांब्याचे आरसे सापडले आहेत. केरळात आरन्मुळा गावी आजही मिश्रधातूचे आरसे ओततात आणि कारागीर ते हातानं घासून घासून चमकवतात. काचेच्या आरशात प्रतिबिंब काचेच्या मागच्या मुलाम्यातून येतं, पुढची काच म्हणजे त्याचं चिलखत. धातूच्या आरशाला असलं चिलखत नसतं. तुम्ही ज्याला फडकं लावता तोच पृष्ठभाग आरसा असतो. त्यामुळे अशा आरशाचा मळ काढणं नाजूक काम आहे. जोर जास्त झाला, फडकं चुकीचं निघालं, की मळासोबत आरशालाही इजा होते.

गाडीचा रंग अगदी असाच असतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा थर. कारखान्यातून येणारे हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. झेरॉक्सचा एक कागद बोटांत धरून बघा, तो जवळपास १०० मायक्रॉनचा असतो. त्यातला वरचा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे गाडीची सगळी चमक, तिच्यात दिसणारं आकाश आणि समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब, हे अर्ध्या कागदाच्या जाडीत राहतं. ऊन झेलण्याचं कामही बरंचसं तोच थर करतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या गाडीवर उजेड धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसायचे. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळी गाडी काहीच लपवत नाही. हे चरे आले कुठून? रस्त्यावरून नाही. आमच्याइथे मेट्रोचं काम चालू आहे, रोज सिमेंटची धूळ बसते. पण नुसती बसलेली धूळ चरा पाडत नाही. ती रात्रभर बसून असते बिचारी. चरा पडतो सकाळी साडेसहाला, जेव्हा बाबा जुन्या बनियनचं कोरडं फडकं घेऊन खाली उतरतात आणि गाडी पुसतात. तीच धूळ, वाळूचे तेच कण, फक्त आता त्यांच्यावर हाताचा दाब असतो. अकरा वर्षं, जवळपास रोज. तुमच्या सोसायटीत महिन्याचे पैसे घेऊन गाड्या पुसणारा माणूस एकाच फडक्यानं वीस गाड्या पुसत असेल, तर तुमच्या गाडीवरही हेच होतंय. जाऊन बघा.

गाडी सगळ्यात जास्त खराब झाली ती तिला स्वच्छ करताना. हे माझ्या डोक्यात बसलं आणि मग तीन रविवार निघेना.

साधनेतही आपण हेच करतो का? आपल्या वयाचे, नोकरी-कॉलेज सांभाळून नाम घेणारे बरेच जण रोज रात्री स्वतःचा हिशेब करतात. आज किती वेळ वाया घालवला, किती वेळा मन भरकटलं, कोणावर चिडलो. आत्मपरीक्षण चांगलंच आहे, संतांनी ते सांगितलंच आहे. पण कोरड्या फडक्यानं केलेलं आत्मपरीक्षण मी पाहिलंय. त्यात नामाचा थेंब नसतो, देवासमोर बसणं नसतं, नुसता स्वतःवर राग. "माझ्याकडून काही होणार नाही", "मी ढोंगी आहे". वाळूचा कण होताच, त्याला दाब मिळाला. दोषाचा मळ निघत नाही तो नाहीच, वर न्यूनगंडाचा एक नवा चरा. असं चार-सहा महिने चाललं की मुलं माळ ठेवून देतात, आणि त्यांना वाटतं की आपल्याला भक्ती जमली नाही.

गाडीची पहिली पायरी पाणी आहे. फडकं नाही, हात नाही, आधी नुसतं पाणी ओतायचं. वरून खाली, भरपूर. जी धूळ स्वतःहून सुटायला तयार आहे ती वाहून जाऊ द्यायची. मग साबणाचं पाणी, आणि दोन बादल्या: एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक वेळी हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात, नाहीतर काढलेली माती आपणच परत फिरवतो. (हातमोजा मायक्रोफायबरचा घ्या, बनियन निवृत्त करा.) नाम हे पाणी आहे असं मी म्हटलं तर कीर्तनातलं वाक्य वाटेल, पण मला खरंच असं दिसतं. दहा मिनिटं नुसतं नाम घ्या, काही तपासू नका, काही सुधारू नका. त्यानंतर स्वतःकडे बघा. तेव्हा दोष दिसेल, पण त्याच्यावर दाब नसेल.

धुतल्यावरही रंगाला चिकटून राहिलेलं काहीतरी असतं. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोनेटवरून फिरवा, कणी-कणी लागते. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसतात, त्यांच्यासाठी एक फवारा मिळतो, लोखंडाला लागला की तो जांभळा होऊन ओघळतो. पहिल्यांदा बघताना गंमत वाटते. बाकीचं क्ले बारनं निघतं, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा, भरपूर ओलसरपणा ठेवून हलक्या हातानं फिरवायचा. हा गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, कितीही महाग असला तरी. खडे लागलेला क्ले परत गाडीवर फिरवायचा नाही. हा नियम मला आवडतो. दिवसभर ऑफिसच्या राजकारणात लोळलेलं डोकं घेऊन घरी कुणाला सुधारायला जाऊ नये, एवढं तरी त्यातून शिकता येतं.

आता एक शंका, जी मला वारंवार विचारली जाते. "ताई, जप सुरू करण्याआधी मी बरा होतो. आता मन जास्तच घाणेरडं वाटतं. असं का?"

याचं उत्तर मला एका बॅटरीनं दिलं. पार्किंगच्या ट्यूबलाईटमध्ये गाडी ठीकठाक दिसते. तेजस्वी टॉर्च जवळ धरला की चऱ्यांची वर्तुळं उमटतात, बरोब्बर प्रकाशाच्या ठिपक्याभोवती. टॉर्च डावीकडे न्या, वर्तुळं डावीकडे सरकतात. उजवीकडे न्या, उजवीकडे. चरे खरं तर सगळीकडे आणि सगळ्या दिशांना आहेत, पण प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. टॉर्चनं एकही चरा पाडलेला नसतो. तुम्ही नामाचा दिवा मनाजवळ आणलात, त्याच्याभोवती जाळं दिसणारच. ते आधीपासून होतं. मन बिघडलं म्हणून घाबरून टॉर्च बंद करणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण ते नेमके कामाला सुरुवात करायच्या क्षणी परत जातात.

हीच टॉर्चची गोष्ट आमच्या घरात वेगळ्या तऱ्हेनं घडली. मागच्या रविवारी धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. तो आणि बाबा यांच्यात दोन वर्षं फारसं बोलणं नाही. भांडण म्हणावं असं काही झालेलं नाही. बाबा आम्हालाही गाडीसारखंच पुसायचे. रोज, नेमानं, कोरडं. दाढी का वाढवलीस, पगारातले किती उरले, संध्याकाळी दिवा लावतोस का, हा शर्ट काय आहे. प्रत्येक प्रश्न बरोबर होता आणि त्यामागे काळजीच होती. मी हसून सोडून द्यायची, भाऊ आत घ्यायचा. हळूहळू त्यानं फोन आईला करायला सुरुवात केली.

मी भावाला बोनेटवर टॉर्च धरून जाळं दाखवत होते तेवढ्यात बाबा खाली आले. हातात फडकं होतंच. वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही वर्तुळं माझी नाहीत. मी गोल पुसतच नाही. आडवं पुसतो, सरळ."

मी त्यांना वर सांगितलं तेच सांगितलं, की सरळ चऱ्यांचीसुद्धा दिव्याभोवती वर्तुळंच दिसतात. टॉर्च हलवून दाखवला. बाबा बँकेत होते, हिशेब त्यांना लगेच कळतो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आहेत माझेच."

मी काही बोलणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज पुसली नसती तर कबुतरांनी आणि सिमेंटनं रंग कधीच खाल्ला असता. हे चरे निघतील. ते डाग निघाले नसते."

खरं आहे ते. पक्ष्यांची विष्ठा उन्हात तशीच राहिली तर क्लिअर कोट खाते, आणि मग पॉलिशनंही भागत नाही. बाबांच्या हातानं चरे पाडले आणि त्याच हातानं रंग वाचवला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्या आईवडिलांबद्दल हे मान्य करायला आपल्या पिढीला फार जड जातं. आपल्याला एकच निकाल हवा असतो, एक तर ते देव किंवा टॉक्सिक.

बाबांनी फडकं खिशात कोंबलं आणि विचारलं, "बादली कुठंय?" त्या दिवशी पाणी त्यांनीच ओतलं. सगळं मिटलं वगैरे मी म्हणणार नाही. दुपारी जेवताना शर्टचा विषय निघालाच. पण भावानं पुण्याला पोचल्याचा फोन बाबांना केला, आईला नाही. चार मिनिटं चालला. मी घड्याळ बघत होते.

आता प्रत्यक्ष घासण्याकडे येऊ, कारण श्लोकातला मळ शेवटी नुसत्या पाण्यानं जातोच असं नाही.

इथे दोन रस्ते आहेत. दोन दिवाळ्यांपूर्वी गाडी एका दुकानात रबिंग-पॉलिशला दिली होती. घरी आली तेव्हा आरशासारखी. पाच-सहा वेळा धुतली गेली आणि जाळं जसंच्या तसं परत. झालं होतं असं, की चरे काढलेच नव्हते, तेलकट मेणकट पदार्थानं ते बुजवले होते. भरलेला चरा दिसत नाही, धुतला की उघडा पडतो. दुसरा रस्ता म्हणजे खरं करेक्शन. त्यात चरा भरत नाहीत. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट अगदी थोडा, दोन-तीन मायक्रॉन, घासून चऱ्याच्या तळाच्या पातळीला आणतात. चऱ्याच्या कडाच उरत नाहीत, म्हणून उजेड विखरत नाही. काही वर चढवायचं नसतं, फक्त काढायचं असतं.

शिबिराहून किंवा वारीहून आल्यावरचे पंधरा-वीस दिवस आठवा. काय तेज असतं! सगळ्यांशी गोड, पहाटे उठणं, स्टेटसला अभंग. मग एक-दोन धुण्या पडतात आणि जाळं वर येतं. मी शिबिरांच्या विरोधात नाही, मेणाचंही काम असतंच, त्यानं रंगाचं रक्षण होतं. फक्त चमक कशामुळे आहे हे आपल्याला माहीत असावं. डिटेलिंगवाले यासाठी एक साधी परीक्षा घेतात. पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्यानं पुसतात, म्हणजे वरचं सगळं तेल निघून जातं आणि खाली खरं काय आहे ते दिसतं. आमच्या घरी हे काम आई करते. मी ध्यानातून उठले की बरोबर त्याच वेळी ती विचारते, "गॅस बुकिंगचं काय केलंस?" तिसऱ्यांदा. त्यानंतर जे उरतं ती माझी त्या दिवसाची खरी पॉलिश.

घासताना पहिला नियम, सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात. बोनेटच्या एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश लावून बघायचं. तेवढ्यानं काम झालं तर संपूर्ण गाडीला तेच. नाही झालं तरच कडक पॅड, मग जाड कंपाउंड. मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं वापरा, ते फिरतं आणि सोबत डगमगतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन अनुभवी हातात सुंदर चालतं, नवख्याच्या हातात रंग जाळतं. सावलीत काम करा, पत्रा गार असू द्या. कडांना, पत्र्याच्या उठावाच्या रेषांना आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी टेप लावा. कडेवर रंग पातळ असतो, तिथेच तो आधी जातो. हात सावकाश चालवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीचा अर्धा भाग झाकेल अशी. घाईघाईत हात फिरवलात तर पॉलिशला काम करायला वेळच मिळत नाही.

सौम्यापासून सुरुवात हा नियम मला गीतेतही भेटतो. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग जमत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, झोपेचंही तसंच. सतराव्या अध्यायात ते आणखी स्पष्ट आहेत. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे शरीराला छळतात ते शरीरात बसलेल्या मलाही छळतात, असा तिथला भाव आहे. कितीतरी जण पहिल्या आठवड्यात थेट जाड कंपाउंड काढतात. निर्जळ उपवास, चार तास झोप, फोन फेकून देणं, मित्र तोडणं. अहो, आधी बारीक पॉलिश लावून तर बघा. रात्री अकराला झोपून साडेपाचला उठणं आणि एक माळ. कदाचित तुमच्या चऱ्यांना तेवढंच पुरेल.

काही चरे खरंच खोल असतात. ओळखायची खूण सोपी आहे, चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशनं निघणार नाही. पुरा काढायच्या नादात भोवतीचा सगळा क्लिअर कोट घासून निघेल. आमच्या मागच्या डाव्या दारावर असा एक लांब चरा आहे, कुणाच्या तरी बाईकच्या हँडलचा. त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या, आता तो पूर्वीएवढा टोचत नाही, आणि तिथेच थांबले. आपल्यातही काही जखमा अशा असतात. लहानपणीच्या, कुणाच्या तरी जाण्याच्या. त्यांना रोज घासू नका. गरज असेल तर त्या विषयातल्या जाणकार माणसाकडे जा, समुपदेशकाकडे जाण्यानं श्रद्धा कमी होत नाही. बाकी ते गर्भाच्या पिशवीच्या खात्यात टाका, वेळाच्या.

पण मंडळी, श्लोक कामाबद्दल आहे हे मी विसरलेले नाही, आणि तो काम मला तिसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजता भेटला. बोनेट जवळजवळ झालं होतं. टॉर्च धरला तर मधोमध दोन-तीन बारीक रेषा उरलेल्या. दोन फुटांवरून दिसतही नव्हत्या. आणि मनातून आवाज आला, अजून एक फेरी. एवढी एक मारली की शंभर टक्के. हात भरून आलेले, पोटात भूक, तरी मशीनचं बटण दाबायची ती ओढ... कुणीतरी मागून ढकलल्यासारखीच. गंमत अशी की ही ओढ स्वच्छतेची होती, चांगल्या कामाची होती. कामानं तेच कपडे घातले होते. प्रत्येक फेरीत थोडा क्लिअर कोट जातो आणि तो परत येत नाही. शंभर टक्क्यांच्या मागे लागून लोक त्याच्या पार जातात, खालचा रंग उघडा पडतो, आणि मग पूर्ण पॅनल नव्यानं रंगवण्याशिवाय उपाय राहत नाही. मी मशीन बंद केलं आणि वर जाऊन आमटी-भात खाल्ला. त्या दोन रेषा अजून आहेत. सकाळी पूजेला बसताना मला त्यांचीच जास्त आठवण येते.

ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये या श्लोकावर लिहिताना दाखल्यांत भर घातली आहे. चंदनाच्या मुळाला वेढून बसलेला साप आणला आहे, आणि प्रभेशिवाय सूर्य नसतो, धुराशिवाय अग्नी नसतो, त्याच ओघात मळाशिवायचा आरसाही कधी नसतो, असा त्यांचा भाव आहे. मी हे आधी अनेकदा वाचलं होतं आणि निराश व्हायचे. मग करायचं काय, असं वाटायचं. आता वाचते तेव्हा निराशा येत नाही. उघड्यावर उभी असलेली गाडी आहे, धूळ बसणारच. मेट्रोचं काम अजून दोन वर्षं तरी चालेल. करेक्शन कधीतरी एकदा, रोजचं असतं ते पुसणं, आणि पुसण्याची रीत आपल्या हातात आहे.

शेवटी मेण लावलं. कार्नोबा नावाच्या ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं हे, पातळ थर, गोल डबीतून. बाबांनी स्वतःहून अर्धी गाडी केली. मायक्रोफायबरचं फडकं त्यांना अजून पटलेलं नाही, "हे हाताला चिकटतं" म्हणतात. पण सकाळी आता आधी पाण्याचा आवाज येतो. बोअरचं पाणी आहे आमचं, वाळलं की पांढरे डाग धरतं, त्यामुळे धुतल्यावर लगेच टिपून घ्यावं लागतं. त्याचं काय करायचं ते बघू.

ज्यांना घरी करून बघायचं आहे त्यांनी आधी गाडीचं ते पॅनल कधी पुन्हा रंगवलेलं आहे का एवढी चौकशी घरात करा. पुन्हा रंगवलेल्या भागाचा थर कसा असेल सांगता येत नाही, तिथे जास्तच हळू. आणि पहिला प्रयोग वडिलांच्या गाडीवर करणार असाल तर त्यांना आधी सांगा.

उद्या श्लोक ३९. तिथे भगवंत याच कामाला कधीही न भरणारी आग म्हणतात, आणि तो ज्ञानी माणसाचा कायमचा वैरी आहे असं सांगतात. 'ज्ञानी माणसाचा' हा शब्द का आला असेल, अज्ञानी माणसाचा का नाही, यावर आज रात्री विचार करून ठेवा. उद्या त्यावरच बोलू.

राम कृष्ण हरी.